विद्यापीठ आणि परिसराचे अर्थकारण : मावळातील भाताचे उदाहरण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर सार्वजनिक विद्यापीठाचा परिसरावर होणारा आर्थिक परिणाम ‘खर्चाचा परिणाम’ आणि ‘ज्ञानाचा परिणाम’ अशा दोन प्रकारांत वेगळा करून आपणांस सांगता येईल. स्थानिक गुणकाचे साधे गणित आपण मांडू शकाल. एखाद्या संस्थेमुळे परिसराला किती लाभ झाला, हे सांगताना कोणती रक्कम मोजावी आणि कोणती सोडून द्यावी, याचा निर्णय कारणांसह घेता येईल. आपल्या स्वतःच्या गावासंबंधी असा विचार करून पाहणे, ही या घटकाची खरी कसोटी आहे.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘विद्यापीठामुळे आसपासच्या लोकांना काय मिळते?’ असा प्रश्न विचारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. भव्य प्रवेशद्वार, त्यासमोर चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकाने, खानावळी, भाड्याच्या खोल्या आणि रिक्षाथांबा. पुण्यातील गणेशखिंडीत सुमारे ४११ एकरांवर वसलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बाबतीत हे चित्र खोटे नाही. १९४९ साली बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली हे विद्यापीठ सुरू झाले. २०१४ साली त्याचा नामविस्तार झाला. या काळात औंध-बाणेरकडचा भाग कसा बदलत गेला, हे पुणेकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. अर्थात त्या बदलाला इतरही अनेक कारणे आहेत.

या घटकात मात्र आपण पुण्याहून लोणावळ्याकडे जाणार आहोत. लोकलने निघाले असता तळेगावनंतर वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण लागते. येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. त्याच्यासमोर खानावळींची रांग नाही, वसतिगृहे नाहीत, विद्यार्थ्यांची गर्दीही नाही. पावसाळ्यात गेल्यास भाताची खाचरे आणि त्यांत खोचलेल्या पाट्या एवढेच दिसते. असे असूनही मावळच्या अर्थकारणावर सार्वजनिक विद्यापीठाचा सर्वांत खोल ठसा याच ठिकाणाहून उमटला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी आधी खर्चाच्या परिणामाचा हिशेब समजून घेऊ.

‘सार्वजनिक विद्यापीठ’ ही संज्ञा येथे कायद्याने स्थापन झालेल्या आणि मुख्यतः शासकीय निधीवर चालणाऱ्या विद्यापीठासाठी वापरली आहे. महाराष्ट्रात अकृषी विद्यापीठांना ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ लागू आहे, तर कृषी विद्यापीठांसाठी १९८३ चा स्वतंत्र अधिनियम आहे. कायदे वेगळे असले तरी पैसा जनतेचाच असतो. म्हणून त्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.

६.२ खर्चाचा परिणाम

संस्थेचे पगार, विद्यार्थ्यांचे खोलीभाडे, जेवणखर्च, प्रवास, वह्या-पुस्तके हा सर्व पैसा परिसरात येतो आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. खानावळवाली बाई भाजी घेते, भाजीवाला किराणा घेतो, किराणा दुकानदार मुलाची शिकवणी लावतो. या साखळीमुळे पहिल्या रुपयाचे परिसरात रुपयापेक्षा अधिक उत्पन्न तयार होते. यालाच ‘गुणक परिणाम’ म्हणतात.

परंतु प्रत्येक टप्प्यावर काही पैसा गावाबाहेर जातो. त्याला ‘गळती’ म्हणतात. गॅसचे सिलिंडर बाहेरून येते, तेल बाहेरून येते, मोबाइलचे रिचार्ज तर कोठे जाते, हे कोणालाच दिसत नाही. समजा, परिसरात १०० रुपये आले आणि प्रत्येक टप्प्यावर ४० टक्के रक्कम परिसरातच पुन्हा खर्च झाली, तर १०० + ४० + १६ + ६.४० अशी बेरीज होत शेवटी सुमारे १६७ रुपयांचे उत्पन्न निर्माण होईल. सूत्र सोपे आहे : १०० भागिले (१ वजा ०.४०). परिसरात राहणारा हिस्सा ४० ऐवजी २० टक्के असेल, तर तेच उत्तर १२५ येईल. येणारी रक्कम तीच असली तरी गळती वाढल्यामुळे लाभ घटतो. येथील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत, हे विसरू नये. लहान गावातील बहुतेक वस्तू बाहेरून येत असल्याने तेथील गुणक मोठ्या शहरापेक्षा लहान असतो, एवढे तत्त्व मात्र सार्वत्रिक आहे.

आता एक सूक्ष्म मुद्दा. उत्तरपत्रिकांत येथेच वारंवार चूक होते. कामशेतचा विद्यार्थी लोणावळ्याच्या महाविद्यालयात शिकू लागला आणि तेथे वडापाव खाऊ लागला, तर तो खर्च ‘महाविद्यालयामुळे आलेला’ धरावा काय? तो विद्यार्थी महाविद्यालय नसते तरी मावळातच राहिला असता, काहीतरी खाल्लेच असते. म्हणून तो खर्च नवीन नाही. मात्र हे महाविद्यालय नसते आणि तो पुण्यात खोली घेऊन राहिला असता, तर त्याचा खर्च तालुक्याबाहेर गेला असता. तो येथेच थांबला म्हणून लाभात मोजावा लागेल. ‘ही संस्था नसती तर काय झाले असते?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय लाभाचा कोणताही आकडा विश्वासार्ह ठरत नाही. या पद्धतीला आपण ‘अन्यथा-तुलना’ म्हणू.

बाहेरून येणाऱ्या खर्चाची उदाहरणे लोणावळ्यात पुष्कळ सापडतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधाममध्ये योगाच्या अभ्यासासाठी देशापरदेशांतून माणसे येतात. १९४५ पासून ‘शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. ही सार्वजनिक विद्यापीठे नव्हेत. पण शिकण्यासाठी बाहेरून येणाऱ्या माणसाचा खर्च कसा असतो, ते येथे दिसते. लोणावळ्यात पर्यटकाची गर्दी पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारी होते, मंगळवारी दुपारी चिक्कीच्या दुकानात शुकशुकाट असतो. शिकणारा माणूस मात्र मंगळवारीही जेवतो. ही मागणी लहान, पण नियमित असते, आणि लहान दुकानदाराला नियमितपणाचे मोल अधिक असते.

तथापि हा परिणाम माणसांच्या उपस्थितीवर टिकून असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होताच वसतिगृहे रिकामी झाली आणि ज्यांनी कर्ज काढून विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्याआधीही राज्यभर अभियांत्रिकीच्या जागा रिक्त राहू लागल्या, तेव्हा खासगी महाविद्यालयांभोवतीच्या खानावळींना त्याची झळ बसली होती. खर्चाचा परिणाम संस्थेबरोबर येतो आणि तिच्याबरोबरच जातो.

६.३ तळेगावची काच : एक जुना प्रयोग

ज्ञानाच्या परिणामाकडे वळण्यापूर्वी मावळातीलच एक ऐतिहासिक प्रसंग पाहणे उपयुक्त ठरेल. स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तांत्रिक मार्गदर्शन त्याला लाभले. याच काळात प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांचे राष्ट्रीय शिक्षण देणारे समर्थ विद्यालयही तळेगावात होते. १९१० साली सरकारने ते बंद पाडले.

पैसा फंडाचा कारखाना निव्वळ उत्पादनासाठी नव्हता. काच फुंकण्याचे, भट्टी सांभाळण्याचे काम देशी माणसांना शिकवणे, हा त्याचा मोठा हेतू होता. येथे शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी निघालेल्या काचकारखान्यांत गेले. देशाच्या दृष्टीने हे यशच होते. परंतु तळेगावच्या दृष्टीने पाहिले तर? भट्टी कोठेही पेटवता येते, आणि कौशल्य माणसाच्या हातात असते. माणूस गाडीत बसला की कौशल्यही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून एक प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ. शिक्षणसंस्थेने निर्माण केलेले कोणते ज्ञान परिसरात टिकते आणि कोणते निघून जाते?

६.४ ज्ञानाचा परिणाम : इंद्रायणी भात

मावळ हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील भातपट्टा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावपर्यंत येताना तो झपाट्याने कमी होत जातो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या भात हेच मुख्य पीक राहिले. त्यात मान होता तो आंबेमोहराचा. आंब्याच्या मोहरासारखा वास, आखूड दाणा, मऊ भात. मात्र शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास त्याच्या अडचणी होत्या. रोप उंच वाढे, लोंब्या भरल्या की वाऱ्यापावसात लोळे, करपा रोगाला बळी पडे आणि खंडीच्या हिशेबात उत्पादन कमीच येई. घरच्यासाठी आणि पाहुण्यासाठी आंबेमोहर, पोटासाठी मात्र दुसरे काहीतरी, अशी विभागणी त्यातून झाली.

१९६६ साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके, भरघोस उत्पादन देणारे वाण प्रसृत केले. आशियातील हरितक्रांतीत त्याचा मोठा वाटा आहे. रोप बुटके असल्याने ते लोळत नसे आणि खताला चांगला प्रतिसाद देई. पण त्याचा दाणा जाड, चव बेताची, सुवास नाही. मावळातल्या घरात तो भात रोज शिजवा, असे सांगणे सोपे नव्हते.

वडगावच्या केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर करण्यात आला आणि त्यातून निवड करत करत तयार झालेले वाण १९८७ साली ‘इंद्रायणी’ या नावाने प्रसारित झाले. लोणावळ्याजवळ उगम पावून तालुक्यातून वाहत जाणाऱ्या नदीचेच ते नाव. उंची आटोपशीर, दाणा लांब, सुवास आंबेमोहराची आठवण देणारा, शिजल्यावर भात मऊ आणि किंचित चिकट. दोन्ही पालकांचे गुण एकत्र आले असे म्हणताना, वासाच्या बाबतीत जुने लोक आजही आंबेमोहरालाच झुकते माप देतात, हेही नोंदवले पाहिजे.

नवे वाण तयार करणे म्हणजे काय, याची कल्पना शेतीबाहेरील वाचकाला सहसा नसते. संकर एका हंगामात होतो. पण त्यानंतर प्रत्येक पिढीतील हजारो रोपांतून मोजकी निवडायची, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावायची, पुन्हा निवडायची. मावळात भाताचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. गुण स्थिर होऊन, निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या होऊन वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत साधारणतः आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. या काळात उत्पन्न शून्य, खर्च मात्र दरवर्षी. एखाद्या खासगी कंपनीने हे काम हाती घेतले असते काय?

याचे उत्तर भाताच्या फुलात दडलेले आहे. भात हे स्वपरागित पीक आहे. त्यामुळे सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते, शेजाऱ्याला पायलीभर देता येते. भेसळ होत जाते म्हणून दर तीन वर्षांनी शुद्ध बियाणे घ्यावे, असा सल्ला दिला जातो. पण दरवर्षी विकत घेण्याची सक्ती नसते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही बी राखण्याचा, वापरण्याचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, असे वाण बरेचसे ‘सार्वजनिक वस्तू’सारखे असते. एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि एकदा गावात पसरल्यावर कोणाला त्यापासून वंचित ठेवणेही अवघड असते. ज्याची किंमत वसूल करता येत नाही, त्यात खासगी भांडवल सहसा येत नाही. संकरित बियाण्यांत मात्र ते येते, कारण तेथे दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते.

यातूनच एक विचित्र वाटणारी गोष्ट घडते. इंद्रायणीमुळे शेतकऱ्याला, गिरणीवाल्याला, व्यापाऱ्याला आणि पुण्यातील ग्राहकाला जो लाभ झाला, तो विद्यापीठाच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. विद्यापीठाच्या हिशेबात केंद्राचा खर्च तेवढा दिसतो. केवळ जमाखर्च पाहून ‘हे केंद्र तोट्यात आहे’ असा शेरा मारणे म्हणजे नदीच्या पुलाने टोल मिळवला नाही म्हणून त्याला निरुपयोगी ठरवणे होय.

६.५ लाभ मोजायचा कसा?

सार्वजनिक संशोधनाचा लाभ मोजण्याचा पाया अमेरिकेत घातला गेला. तेथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमीन देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी करण्यात आली आणि १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना जोडून प्रयोगक्षेत्रांना निधी मिळाला. याच धर्तीवर भारतात १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये सुरुवात होऊन १९७२ पर्यंत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे झाली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ साली संकरित मक्यावरील संशोधनाचा हिशेब मांडला. १९५५ च्या सुमारास त्या संशोधनावर खर्च झालेल्या सरासरी डॉलरमागे समाजाला दरवर्षी किमान सात डॉलरचा लाभ होत होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो खूप गाजला. परंतु त्यांनी स्वतःच बजावले होते की हा हिशेब एका यशस्वी संशोधनाचा आहे. तेल लागलेल्या एकाच विहिरीवरून तेलशोधाचा नफा ठरवता येत नाही. कोरड्या निघालेल्या विहिरींचा खर्चही त्यात धरावा लागतो. वडगावच्या बाबतीत आपणही तेवढेच सावध असले पाहिजे. आपण इंद्रायणीचे उदाहरण घेतो, कारण ते यशस्वी झाले. ज्या संकरांतून काहीच हाती लागले नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत.

अन्यथा-तुलनेचे तत्त्व येथेही लागू होते. मावळात पिकणाऱ्या सर्व इंद्रायणीची किंमत हा विद्यापीठाचा परिणाम नव्हे. इंद्रायणी नसते तर खाचरे ओसाड पडली नसती; दुसरे वाण लावले गेले असते. त्या दुसऱ्या पिकापेक्षा जेवढे अधिक मिळाले, तेवढाच फरक मोजायचा. त्यातून अधिक खत, अधिक मजुरी यांचा वाढीव खर्च वजा करायचा. आणि आंबेमोहर व इतर स्थानिक भातांचे क्षेत्र घटल्याने जी विविधता कमी झाली, तिचीही नोंद खर्चाच्या बाजूला घ्यायची, जरी तिला रुपयांत बसवणे कठीण असले तरी.

६.६ भात, तांदूळ आणि मधला फरक

आता परिसरात हा लाभ कोणाच्या पदरात पडतो, ते पाहू. शेतात पिकतो तो भात आणि ताटात येतो तो तांदूळ. या दोहोंमध्ये गिरणी आहे. शंभर किलो भात भरडल्यावर साधारणपणे ६० ते ६५ किलो तांदूळ मिळतो; उरते ते तूस, कोंडा आणि कणी. समजा, शेतकऱ्याने भात २५ रुपये किलोने काढणी होताच विकला, तर क्विंटलमागे त्याला २,५०० रुपये मिळतील. त्याच शेतकऱ्याने भरडून ६२ किलो तांदूळ ५५ रुपयांनी विकला, तर ३,४१० रुपये येतील. भरडाई, पोती आणि वाहतूक यांसाठी ३०० रुपये गेले असे धरले, तरी ३,११० रुपये उरतात. क्विंटलमागे ६१० रुपयांचा हा फरक (आकडे पुन्हा उदाहरणादाखलच) शेतकऱ्याकडे राहील की व्यापाऱ्याकडे जाईल, हे वाणावर अवलंबून नाही. ते शेतकऱ्याला थांबण्याची ऐपत आहे काय, यावर अवलंबून आहे. दिवाळीच्या तोंडावर सोसायटीचे कर्ज फेडायचे असेल, मुलीची फी भरायची असेल, तर खळ्यावरच भात विकला जातो. विद्यापीठाने बी दिले. थांबण्याची ऐपत देणे त्याच्या हाती नव्हते.

मावळाची एक अनुकूलता अशी की ग्राहक दारात येतो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने जाणारा पर्यटक कामशेतजवळ थांबून दहा किलो तांदूळ घेऊ शकतो. पुण्यातील अनेक घरांत मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ भरण्याची रीत आहे. असा थेट व्यवहार झाला की मघाच्या सूत्रातील गळती कमी होते. परंतु वाण ही सार्वजनिक वस्तू असल्याची दुसरी बाजूही येथेच दिसते. इंद्रायणी केवळ मावळात राहिला नाही. मुळशी, भोर, तसेच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीसारख्या भातपट्ट्यांतही तो पिकतो आणि चांगला पिकतो. राज्याच्या दृष्टीने हा लाभाचा विस्तार आहे. मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बाजारातील स्पर्धा. पोत्यावर ‘मावळचा’ असे लिहिलेला तांदूळ खरोखर कोठून आला, हे ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही.

तरीही तळेगावच्या काचेपेक्षा हे वेगळे आहे. काचेचे ज्ञान गेले तेव्हा तळेगावातून माणूसच गेला. इंद्रायणीचे बी इगतपुरीला गेले, तरी मावळातील खाचरात ते उरलेच. मुसळधार पाऊस, साचलेले पाणी, थंड रात्री यांच्याशी जुळवून निवडलेले ज्ञान अशाच भूमीत उपयोगी पडते. ते पुण्या-मुंबईला नोकरीसाठी जाऊ शकत नाही.

आणखी एका घटकाचा विसर पडू नये. खाचरात वाकून रोप लावणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात आणि त्यांत कातकरी व ठाकर समाजातील भूमिहीन मजूर मोठ्या संख्येने असतात. नव्या वाणाने एकरी उत्पादन वाढले, तर कापणी-झोडणीचे काम काही प्रमाणात वाढते. पण लावणीची मजुरी वाणावरून ठरत नाही, त्या आठवड्यात हात किती उपलब्ध आहेत, यावरून ठरते. मालकाला मिळालेला लाभ आपोआप मजुरापर्यंत झिरपतो, असे गृहीत धरणारे उत्तर अपुरे समजावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : वरील परिच्छेदांच्या आधारे, इंद्रायणी वाणाचा लाभ मिळालेले चार गट लिहा आणि त्यांपैकी कोणाचा लाभ मोजणे सर्वांत कठीण आहे, ते कारणासह सांगा.

६.७ जमीन हातात राहील काय?

ज्ञान भूमीला बांधलेले असते, असे आपण म्हटले. मग भूमीच विकली गेली तर? २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. तळेगाव परिसरात औद्योगिक क्षेत्र वाढले, पवना धरणाच्या काठी आणि लोणावळ्याच्या आसपास बंगले, रिसॉर्ट, फार्महाऊस उभी राहिली. रस्त्यालगतच्या खाचराची किंमत आता त्यात पिकणाऱ्या भातावरून ठरत नाही. ती तेथून महामार्ग किती जवळ आहे आणि डोंगर किती सुंदर दिसतो, यावरून ठरते.

शेतकऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा. जमीन विकून आलेली रक्कम बँकेत ठेवली, तर वर्षाला मिळणारे व्याज भाताच्या निव्वळ उत्पन्नाच्या कितीतरी पट होते. हे भात लावत राहण्याचे ‘संधिमूल्य’ होय. विद्यापीठाने एकरी उत्पादन दीडपट केले काय किंवा दुप्पट केले काय, या तराजूत ते पारडे फारसे हलत नाही. म्हणून ‘शेतकरी जमिनी विकतात, हा त्यांचा अविवेक आहे’ असे सहजपणे लिहू नये. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. विकलेल्या जमिनीचा पैसा एकदाच येतो आणि घर, गाडी, लग्न यांत विरून जाण्याचा संभव असतो. वर्षाचा घरचा तांदूळ, जनावरांचा पेंढा, मजुराचे काम हे सर्व त्या व्यवहारात दिसत नाही. विकत घेणाऱ्याने कुंपण घालून जमीन पडीक ठेवली, तर त्या खाचरापुरता वडगावच्या केंद्रातील अनेक वर्षांच्या श्रमाचा उपयोग संपतो. एका खाचराचा बांध फुटला वा वाट बुजली की खालच्या खाचराच्या पाण्याचीही अडचण होते. म्हणजे एकाच्या विक्रीचा भुर्दंड शेजाऱ्यालाही पडतो. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात.

संशोधन केंद्राला यावर उत्तर शोधणे शक्य आहे काय? अंशतः आहे. चारसूत्री भातलागवड हे त्याचे एक उदाहरण. भाताच्या तुसाची राख व पेंढ्याचा वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या मुळांजवळ खोचणे या चार गोष्टींनी कमी बियाण्यात आणि कमी खतात अधिक उत्पादन घेता येते. अशा पद्धती कृषी विभागाच्या मदतीने मावळात पोहोचल्या. परंतु लावणीच्या वेळी दोरी धरून अंतर राखायला माणसे लागतात, आणि तालुक्यातील तरुण तर सकाळच्या पाळीसाठी कारखान्याच्या बसमध्ये बसलेला असतो. ज्ञान शेताच्या बांधापर्यंत आले तरी ते वापरणारे मनुष्यबळ घरात असावे लागते. तेथे विद्यापीठाची मर्यादा संपते आणि रोजगार, भूमिधोरण व सहकार यांचे प्रश्न सुरू होतात. त्यांचा विचार आपण पुढील घटकात करणार आहोत.

६.८ आपण स्वतः या हिशेबात कोठे आहात?

महाराष्ट्रात मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिक येथे स्थापन झाले. मुक्त शिक्षणाने परिसरात खानावळी उभ्या राहत नाहीत, खोल्यांचे भाडे वाढत नाही. ६.२ मधील पद्धतीने मोजल्यास त्याचा परिणाम जवळजवळ शून्य येईल. पण आपण नोकरी, दुकान, शेती किंवा घर सांभाळून हा घटक वाचत आहात. शिकण्यासाठी आपण मिळकत सोडली नाही, म्हणजेच शिक्षणाचे संधिमूल्य कमी राहिले. गावही सोडले नाही. पदवी मिळाल्यावर आपण येथेच राहाल किंवा जाल. तो आपला अधिकार आहे. राहिलात, तर ग्रामपंचायतीचा ठराव वाचणारी, सातबारा आणि बियाण्याच्या पिशवीवरील खूणपत्र समजणारी, गिरणीचा हिशेब मांडणारी एक व्यक्ती गावात वाढेल. हा परिणाम कोणत्या रकान्यात लिहावा, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळील एखादी सार्वजनिक शिक्षण वा संशोधन संस्था निवडा. मावळातील विद्यार्थ्यांनी भाताचा विषय घेतल्यास अधिक बरे. इतरांनी आपल्या भागातील पीक, फळबाग किंवा पशुधन घ्यावे. तीन शेतकरी कुटुंबांना भेटा. त्यांपैकी एक अल्पभूधारक असावे आणि एका कुटुंबाने जमीन विकलेली असावी. कोणते वाण लावतात, बी कोठून आणले, पूर्वी काय लावत होते, भात विकतात की तांदूळ, विकण्याची घाई कोणत्या महिन्यात होते, हे विचारा. लावणीला जाणाऱ्या एका स्त्रीशी तिच्या सवडीने बोला आणि गेल्या हंगामातील मजुरी व कामाचे दिवस लिहून घ्या. शक्य झाल्यास गिरणीत अर्धा दिवस बसा. तेथे जे ऐकू येते, ते प्रश्नावलीतून मिळत नाही. प्रश्न विचारण्याआधी आपण कशासाठी विचारत आहोत हे सांगा, कोणाचेही नाव टिपणात लिहू नका आणि सांगितलेला आकडा शंकास्पद वाटला तरी तो बदलू नका, समासात आपली शंका नोंदवा. सुमारे ८०० शब्दांचे टिपण आपल्या अभ्यासकेंद्रातील समंत्रकांना दाखवा. लावणीच्या दिवसांत कोणाला बोलायला वेळ नसतो, म्हणून हे काम भात खळ्यावर आल्यानंतर करावे.